धाकटा कुठे येतोय?

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका लोखंडी राक्षसाच्या छातीत उभ्या राहून जग वाचवत होत्या. पायात रबरी चपला, चष्मा कपाळावर चढवलेला, एक हात कमरेवर आणि दुसरा समोरच्या पडद्याकडे रोखलेला.

“डोंगऱ्या, ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

काचेच्या अलीकडे माझ्या हातातला चहा हिंदकळला. आवाज बारा-तेरा वर्षांच्या पोराचा होता. फुटायच्या बेतात आलेला, हट्टी, घाबरलेला, आणि घाबरलोय हे कळू नये म्हणून जरा जास्तच मोठा. ज्या तोंडातून तो निघत होता ते माझ्या आईपेक्षा वयानं मोठं होतं.

दृश्य संपलं. हेडफोन मानेवर घेत त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“तू माझी ताई का गं? मग बस की. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी?”

त्या दिवसापासून त्या मला ताईच म्हणू लागल्या. मालिकेतल्या पोराच्या थोरल्या बहिणीचा आवाज माझ्याकडे होता, त्यामुळे नातं कागदोपत्री बरोबर होतं. मी नाटकाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. पाठ ताठ, श्वास पोटातून, उच्चार धुतल्यासारखे. काकूंनी माझी पहिली चार वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, “छान बोलतेस. पण ताई तळघरात पाना घेऊन नटबोल्ट आवळत बसलीय ना? तिचं बोलणं शेवटच्या रांगेला कशाला ऐकू जायला हवंय?”

आमचा स्टुडिओही तळघरातच होता. वर गाद्यांचं दुकान. दुकानदाराकडून उरलेला फोम घेऊन भिंतींना चिकटवला होता, त्यामुळे आत आलं की कुणीतरी कानांवर उशी दाबल्यासारखं वाटायचं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणायचे, कारण त्यांना गाता येत नव्हतं पण बाजूच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी कळायचं. आणि दिग्दर्शक म्हणजे पुन्हासाहेब. मूळच्या संहितेवरून आपल्या भाषेतले संवाद तेच लिहायचे, तेच बसवायचे, आणि प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द बोलायचे. त्यावरूनच नाव पडलं.

मालिका दूरदेशीची, हातानं काढलेल्या चित्रांची. डोंगराएवढा यंत्रमानव, त्याच्या छातीत बसून तो चालवणारा एक पोरगा, आणि यंत्रमानव मोडला की दुरुस्त करणारी पोराची बहीण. आईबाप नाहीत. मूळ नावं जिभेला अडखळवणारी, म्हणून पुन्हासाहेबांनी यंत्रमानवाचं नाव ठेवलं डोंगऱ्या, आणि पोरगा झाला धाकटा. बऱ्याच वर्षांपूर्वी पहिले भाग टीव्हीवर आले तेव्हाही धाकट्याचा आवाज काकूच होत्या. तेव्हाचे किस्से त्या चहाच्या सुट्टीत सांगायच्या.

“विमान फुटायचं, तुकडे आकाशभर, आणि लगेच आमचा माणूस ओरडायचा, ‘सुटला! वेळेवर उडी मारली त्यानं!’ अगं, कुठून मारली? आख्खं विमान फुटलेलं दिसतंय! पण लहान मुलं बघतात, कुणी मरायचं नाही असा वरून हुकूम. माझ्या हिशेबानं त्या समुद्रात अजून निम्मी फौज पोहतेय.”

“मी लिहिलं ते,” पुन्हासाहेब कोपऱ्यातून म्हणायचे. “पोट होतं माझं.”

“पोट अजून आहे. वाढलंय.”

शेवटचा भाग मात्र तेव्हा आलाच नाही. शेवटच्या भागात धाकटा डोंगऱ्याला घेऊन जातो आणि परत येत नाही. शत्रू विमानातून उडी मारू शकतो, पण नायकानं कुठे उडी मारायची? वाहिनीनं मालिका तिथेच गुंडाळली. मुलं मोठी झाली, कामाला लागली, आणि धाकटा त्यांच्यापुरता अर्धवट लढाईत उभा राहिला. आता एका नव्या कंपनीनं सगळी मालिका नव्यानं आपल्या भाषेत करायला घेतली होती, आणि तिचा हुकूम बरोबर उलटा होता. जसं आहे तसं. काही गाळायचं नाही, काही बदलायचं नाही. शेवटसकट.

काकूंचं या कामात येणं अपघातानंच झालं. त्यांचे यजमान छापखान्यात. पूर्वी इथल्या कॅसेटची वेष्टनं त्यांच्याकडे छापून घ्यायचे. एकदा काका तापानं फणफणलेले, म्हणून गठ्ठा पोचवायला काकू आल्या. आत एका जाहिरातीसाठी आणलेला मुलगा रडून रडून निळा झालेला. काकूंनी दारातूनच त्याला त्याच्याच आवाजात सांगितलं, “ए, रडतोस काय? मी म्हणू का तुझं?” मुलगा गप्प झाला. पुन्हासाहेबही. “पुन्हा,” ते म्हणाले. काकूंनी पुन्हा म्हटलं, आणि मग म्हणतच राहिल्या. खोकल्याच्या औषधाची पोरं, शाळेच्या दप्तराची पोरं, बोलणारं कोकरू, आणि मग धाकटा.

त्यांचे शेजारी त्यांना ओळखायचे ते शिवणाच्या कपड्यांना काजं करून देणारी बाई म्हणून. धाकट्याचा पत्ता फक्त एका नळदुरुस्तीवाल्याला लागला. तो मोरीखाली आडवा होऊन काम करत असताना काकू फोनवर कुणावर तरी खेकसल्या, आणि तो गडी डोकं आपटत बाहेर आला. मिशीवाला, दोन मुलांचा बाप. “धाकटे... म्हणजे तुम्ही?” एवढंच त्याला बोलता आलं. काकूंनी त्याच्यासाठी एकदा “डोंगऱ्या, ऊठ!” म्हणून दाखवलं. “नळ चांगला बसवला मग त्यानं,” त्या म्हणाल्या. “अजून गळत नाही.”

घरातली गोष्ट आणखी वेगळी होती. आयुष्यभर छपाईच्या यंत्राशेजारी उभं राहून काकांचे कान गेले होते. ते ओठ वाचायचे. समोर तोंड करून बोललं की सगळं कळायचं, पाठ फिरवली की तुम्ही त्यांच्यापुरते संपलात. आणि बायकोचा धंदा कसला, तर परक्या ओठांवर आपले शब्द बसवायचे! काका टीव्हीसमोर बसायचे आणि वैतागायचे. “हा पोरगा काय बोलतो काही कळत नाही. ओठ एक सांगतात, तू एक सांगतेस.” शेवटी तोडगा निघाला. मालिका लागली की काकू टीव्हीच्या शेजारी स्टूल ओढून, नवऱ्याकडे तोंड करून बसायच्या आणि सगळा भाग त्यांना ओठांनी करून दाखवायच्या. धाकटाही त्याच, शत्रूही त्याच.

दिवसभर पोरगा होऊन राहिल्यावर तो जिभेवर थोडा राहायचाच. दार उघडून त्या म्हणायच्या, “आलो!”

काका वर बघायचे. “कोण आलो?”

“आले. आले मी.”

“मग ठीक.”

तर असं सगळं चालू होतं, आणि काकूंचा आवाज चिरायला लागला. आधी ओरडताना, मग बोलताना. कानसेननं सगळ्यात आधी ओळखलं आणि कुणाला बोलला नाही, फक्त आलं घातलेला चहा वेगळा मागवायला लागला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठ. साधीच होती, जिवाला धोका नव्हता, पण काढायलाच हवी. आणि काढल्यावर वरचा, पातळ आवाज परत येईल याची खात्री नाही. बोलता येईल, गप्पा मारता येतील. पोरगा होता येईल असं धरून चालू नका.

पुन्हासाहेब नवीन आवाज शोधायला लागले होते. लागावंच लागणार होतं. काकूंनी त्यांना एकच सांगितलं.

“बाकीच्या मालिकांचं तुम्ही बघा. पण धाकट्याला मी पोचवणार. तोपर्यंत मी त्या टेबलावर झोपत नाही.”

“काकू, शेवटच्या भागात पाच ठिकाणी ओरडायचंय.”

“मग पाचही ठिकाणी तुम्ही कानांवर हात ठेवा. मी ओरडते.”

शेवटच्या भागाच्या मुद्रणाला त्यांनी मला माइकशेजारी उभं केलं. एरवी आम्ही आपापली वाक्यं वेगवेगळी बोलून जायचो. “आज नाही,” त्या म्हणाल्या. “आज मला समोर माणूस लागेल.” ओरडण्याची जागा आली की त्या डोळे मिटायच्या, एक घोट कोमट पाणी घ्यायच्या, आणि जणू घरातलं शेवटचं काचेचं भांडं काढावं तसा तो आवाज काढायच्या. पुन्हासाहेब दिवसभरात एकदाही ‘पुन्हा’ म्हणाले नाहीत.

मग शेवटचं वाक्य आलं. दृश्य असं. डोंगऱ्याच्या छातीचं दार उघडं आहे. धाकटा शिरस्त्राण घालतो. काचेवर सूर्य चमकतोय, त्यामुळे तोंड दिसत नाही. खाली ताई उभी, आपल्याकडे तिची पाठ. तो तिला एक वाक्य बोलतो आणि दार मिटतं. आमच्याकडे मूळ संहिता इंग्रजीतून यायची, आणि इंग्रजीत होतं, मी जात आहे. पुन्हासाहेबांनी लिहिलं होतं, ‘ताई, मी जातो.’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलंच नाही.

“ताई, येतो गं.”

आणि माझ्या तोंडून, संहितेत काही नसताना, “ये” निघून गेलं.

काचेपलीकडे दोघं थांबले. मग टाळ्या नाहीत, काही नाही, पुन्हासाहेबांचा नुसता आवाज आला. “काकू, ‘जातो’ आहे तिथे.”

“काय म्हटलं मी?”

“येतो.”

“अगोबाई! थांबा. ताई, मी ये... छे!” त्या हसल्या. पाणी प्यायल्या. “ताई, मी...” आणि परत अडकल्या. “अहो साहेब, दारात उभं राहून ‘जातो’ निघत नाही हो तोंडातून. आमच्या आईनं फटकावलं असतं.”

“पण तो परत येत नाहीये, काकू.”

“मला नका सांगू. मीच चाललेय ना?”

त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. ‘जातो’ आलं, पण आवाज मधेच फाटला आणि पुढे नुसती हवा. तिसऱ्यांदा तेवढंही आलं नाही. कानसेननं हळूच बटण दाबलं. “साहेब, पहिला घ्या. तसा परत मिळायचा नाही.”

पुन्हासाहेबांनी टोपी काढली, घातली, परत काढली. “येतो,” ते स्वतःशीच बोलून बघत होते. “येतो. ओठ दिसत नाहीतच. ठीक आहे. घ्या येतो.”

काकूंनी दोन दिवसांनी शस्त्रक्रिया करून घेतली. जाताना खुशीत होत्या. पोराला पोचवलं, म्हणाल्या.

आठवडा झाला नसेल, तोच कंपनीकडून काम बघणाऱ्या बाई तळघराचा जिना उतरून आल्या. त्यांना आम्ही मेलवाली म्हणायचो, कारण त्या जेवतानाही मेल लिहायच्या. हुशार, भली बाई. आमचं सगळं काम त्यांना शब्दाला शब्द इंग्रजी करून मालिकेच्या मूळ मालकांकडे पाठवावं लागायचं, म्हणजे आम्ही काही बदललं तर तिकडे कळावं. लॅपटॉप उघडून त्या पुन्हासाहेबांच्या समोर बसल्या.

“तिकडून प्रश्न आलाय. शेवटच्या दृश्यात मुलगा म्हणतो, मी येतो. बहीण म्हणते, ये. ते विचारतायत, धाकटा कुठे येतोय?”

“कुठेच येत नाहीये. जातोय.”

“मग येतो का म्हणतो?”

“जातोय म्हणून!”

मेलवालीनं टाइप करायला बोटं उचलली आणि तशीच धरली. “हे मी कसं लिहू?”

“लिहा की, जाणारा माणूस येतो म्हणतो.”

“आणि बहीण त्याला ये म्हणते, म्हणजे जा?”

“अगदी बरोबर.”

“साहेब, त्यांना वाटतंय आपण शेवट बदलला. मागच्या वेळी समुद्रात पोहणारी माणसं त्यांनी पाहिलीयत. त्यांना वाटतंय मुलगा परत येणार अशी खोटी आशा आपण लावतोय. कडक लिहिलंय त्यांनी. वाक्य बदला, पुन्हा मुद्रित करा.”

“काकूंचा आवाज नाहीये आता.”

“तेही सांगितलं मी. ते म्हणाले, एकच वाक्य आहे, दुसऱ्या कुणाकडून घ्या.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुन्हासाहेबांनी पाहिलं, आणि कानसेननं मान खाली घातली.

मेलवालीनं लॅपटॉप मिटला, पिशवी खांद्याला लावली. “मला वाईट वाटतंय, पण माझ्या हातात काही नाही. बघा कसं जमतंय ते. बरं, येते मी.”

आणि दारात थबकली.

कानसेन हसायला लागला. मग पुन्हासाहेब. “कुठे येताय बाई? आं? नीट सांगा, आम्हाला मेल करायचाय!” ती बिचारी दाराला टेकून हसून हसून लाल झाली. मग परत आत आली, पिशवी खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला. “अजून एकदा लिहिते,” म्हणाली. “मूळ भाषेत तो नक्की काय म्हणतो ते विचारते. आपल्याला मधलं इंग्रजीच माहीत आहे. पण उत्तर येईपर्यंत दुसरं वाक्य तयार ठेवा. तारीख जवळ आलीय.”

काकूंना सांगायला मला पाठवलं. “तू जा. तू ताई आहेस,” पुन्हासाहेब म्हणाले, म्हणजे त्यांना स्वतःला जायचं नव्हतं.

काकूंचं घर लाँड्रीच्या वर होतं, जिन्यात कायम इस्त्रीची ऊब. दार काकांनी उघडलं. काकू खिडकीशी, मांडीवर कुणाचा तरी सदरा, काजं करत बसलेल्या. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्दही बोलायला बंदी केली होती, कुजबुजायलासुद्धा. पाटी-पेन्सिलीची त्यांना गरज नव्हती. त्या नुसते ओठ हलवायच्या आणि काका खणखणीत आवाजात त्याचं भाषांतर करायचे.

“ती म्हणतेय बस. ती म्हणतेय वाळलीस.” काका थांबले. “मला नाही तसं वाटत, ती म्हणतेय.”

मी सगळं सांगितलं. मेल, मालक, दुसरं वाक्य. आणि ते म्हणायचं माझ्या आवाजात. काकूंची सुई थांबली. मग ओठ भराभर हलले.

काकांनी घसा साफ केला. “हे मी सांगणार नाही. लहान आहेस तू.”

“मालकांना उद्देशून आहे का?”

“त्यांच्या वडिलांपासून सुरुवात आहे.”

काकू हसल्या, पण आवाजाशिवायचं हसणं फार वेळ टिकत नाही. त्यांनी सदरा बाजूला ठेवला. काकांना काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, “तो प्रसंग आहे का तुझ्याकडे? बघू.”

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. डोंगऱ्याची छाती, उघडं दार, शिरस्त्राणावर चमकणारा सूर्य. काका पुढे वाकले. “याचं तोंडच दिसत नाही. काय म्हणतोय हा?”

काकू उठल्या. स्टूल ओढून लॅपटॉपच्या शेजारी बसल्या, तोंड नवऱ्याकडे. मी तो प्रसंग पुन्हा लावला. पडद्यावरच्या पोराचं तोंड दिसत नव्हतं, आणि शेजारी काकूंच्या तोंडाला आवाज नव्हता. या वेळी काकांना दोन्हींत काही फरक सापडला नाही.

“येतो म्हणतोय,” काका म्हणाले.

काकूंनी मान डोलावली.

“मग? आला का?”

काकूंनी मानेनंच नाही म्हटलं.

काका पडद्याकडे बघत बसले. दार मिटलं होतं, चित्र तिथेच थांबलेलं. “म्हणायचं ते म्हणाला बिचारा,” ते म्हणाले. “पुढचं काय त्याच्या हातात होतं?”

मी विचारलं, “काकू, मी काय करू?”

त्यांनी माझ्याकडे बघत सावकाश ओठ हलवले, बहुतेक मला वाचता यावं म्हणून. पण मला ती विद्या नव्हती. काकांनी सांगितलं, आणि या वेळी आवाज खाली आणून सांगितलं.

“ती म्हणतेय, कर. कामाला नाही म्हणू नये. पण नीट कर, पोराला घाबरवू नकोस.” काकांनी परत तिकडे पाहिलं. “आणि झालं की तिला ऐकवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी माइकसमोर उभी राहिले. ‘ताई, मी जातो.’ ताई मीच, जाणाराही मीच. नाटकात शिकवलेलं सगळं वापरलं. श्वास, विराम, आतला थरथराट. पुन्हासाहेबांना त्यांचा शब्द सापडला होता. “पुन्हा.” “पुन्हा.” वाक्य चांगलं होत गेलं, आणि जितकं चांगलं झालं तितकं ते एखाद्या नटानं म्हटल्यासारखं वाटायला लागलं. रंगमंचावर ‘जातो’ फार शोभतं. दारात उभं राहून ते म्हणणारा माणूस एक तर रागावलेला असतो किंवा त्याला आपल्याकडे कुणी बघावं असं वाटत असतं. धाकट्याला दोन्ही नव्हतं. त्याला फक्त बहिणीनं घाबरू नये एवढंच हवं होतं. मला कळत होतं, पण ‘जातो’ या शब्दात ते मावत नव्हतं. शेवटी बरं झालेलं एक वाक्य कानसेननं जपून ठेवलं. त्यानं मला चहा विचारला, आल्याशिवायचा.

उत्तर आलं ते मालिका बाहेर पडायच्या जरासं आधी. मेलवाली जिन्यावरूनच ओरडत आली. “साहेब! ओ साहेब! ऐका!” तिनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. मूळ मालिका लिहिणाऱ्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ अजून आहेत, मालकांनी त्यांना विचारलं होतं. त्यांनी कळवलं की त्यांच्या भाषेत मुलगा शेवटी फार काही मोठं बोलत नाही. तिथली मुलं सकाळी दप्तर घेऊन घराबाहेर पडताना रोज जे म्हणतात तेच म्हणतो. जाऊन येतो.

“म्हणजे...” पुन्हासाहेब.

“म्हणजे इंग्रजीवाल्यांनी येणं गाळलं आणि जाणं ठेवलं. मुलाचं वाक्य आहे तसं ठेवा, असं लिहिलंय.”

पुन्हासाहेब खाली बसले. दोन भाषा इतक्या लांबच्या. एकीचा शब्द दुसरीला माहीत नाही, आणि मधल्या भाषेला न विचारता दोघी एकाच उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या. मला वाटलं ते यावर काही बोलतील. ते म्हणाले, “आणि बहिणीचं?”

मेलवालीनं माझ्याकडे पाहिलं. “बहिणीचं वाक्य काढा म्हणालेत. मूळमध्ये ती काहीच बोलत नाही.”

माझा ‘ये’ कापला गेला. तेव्हा मला लागलं, खोटं कशाला सांगू? नंतर तयार झालेला भाग पाहिला. ‘येतो गं’ झाल्यावर शांतता होती, आणि दार मिटायला मला वाटत होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागत होता.

तो भाग काकू, काका आणि मी त्यांच्या घरी एकत्र पाहिला. बोलायची बंदी त्याच आठवड्यात उठली होती, पण काकूंनी अजून तोंड उघडलं नव्हतं. धीर होत नव्हता, असं काकांनी मला जिन्यात सांगितलं. भाग चालू झाला, सवयीनं काकू स्टूल ओढून बसल्या आणि सगळा भाग त्यांनी काकांना ओठांनी करून दाखवला. पाचही ओरडण्यांसकट, बिनआवाजाच्या. टीव्हीतून त्यांचा जुना आवाज येत होता. शेवटच्या वाक्याला त्यांनी ओठही हलवले नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचं त्यांनाच समजलं.

नावं वर सरकायला लागली. काकू उठल्या. खोलीच्या मधोमध, कमरेवर एक हात.

“डोंगऱ्या, ऊठ.”

जाड, घोगरा, खालचा आवाज. रखवालदाराचा असावा तसा. काकूंनी आणखी एकदा, वर चढवून पाहिलं. वर काही नव्हतं.

“हा तर धाकट्याचा बाप निघाला गं,” त्या म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसतही होत्या. “बरं झालं. त्याला वेळेवर निघू दिलं.”

“काय झालं?” काकांनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे वळल्या. “आवाज बदलला हो माझा. पार बदलला.”

काकांनी त्यांच्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं. अगदी प्रूफ तपासावं तसं.

“कुठे? मला तर तसाच दिसतोय.”

“आधी चष्मा लावा,” काकू त्या नव्या आवाजात म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.